पेटीच्या झाकणातला कागद

संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाची वेळ सांभाळून तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार. आजचा विषय थोडा आडवळणाचा आहे: लाकडी सामानावर चिकटवलेला कागद. लाकडाचं काम करणारा त्याला कागद म्हणून सोडून देतो, आणि कागदाचं काम करणारा तो लाकडावर आहे म्हणून हात लावत नाही. त्यामुळे हा कागद बहुतेक वेळा कुणाच्याच हिशेबात नसतो.

आपल्या घरात असा कागद कुठे कुठे असतो ते आधी आठवू. आजीची सागवानी पेटी उघडली की झाकणाच्या आतल्या बाजूला लक्ष्मीचं किंवा सरस्वतीचं रंगीत चित्र असतं. कधी तिथे कापडाच्या ताग्यावर येणारी रंगीत तिकिटं ओळीनं लावलेली असतात. देव्हाऱ्याच्या दाराला आतून गणपती असतो. फडताळाच्या फळ्यांवर खळीनं चिकटवलेली वर्तमानपत्रं असतात. हा झाला शोभेचा किंवा अस्तराचा कागद. दुसरा असतो कामाचा. लंबकाच्या घड्याळाचं दार उघडलं की मागच्या फळीवर छापील कागद दिसतो. किल्ली कशी द्यायची, लंबक कसा जुळवायचा, हे त्यावर असतं. बाजाच्या पेटीवर बनवणाऱ्याचं नाव-गाव असतं. दुकानातल्या जुन्या खणांवर चिठ्ठ्या असतात, चाकरमान्याच्या पेटीवर नाव-पत्ता असतो.

समोरच्या सुवर्णदुर्गाची काळजी घ्यायला पुरातत्त्व खातं आहे. २०२५ मध्ये तो जागतिक वारसा यादीतही गेला. पेटीच्या झाकणातल्या कागदाला मात्र घरच्या माणसांशिवाय कोणी नाही. म्हणून आम्ही इथे तज्ज्ञांसाठी बोलत नाही, पेटी ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी बोलतो आहोत. आमचं सांगणं एवढंच: हा कागद खरवडू नका, आणि घाईघाईनं चिकटवूही नका. असं का म्हणतो, ते आता क्रमानं पाहू.

कागद काय सांगतो

लाकूड स्वतःबद्दल फार थोडं बोलतं. साग, शिसव की फणस, एवढं कळतं. जोड कसा मारलाय त्यावरून कारागिराचा हात थोडाफार ओळखता येतो. पण पेटी कुणाची, कुठून आली, कधी दुरुस्त झाली, हे बहुतेक वेळा कागदच सांगतो.

एक साधा नियम लक्षात ठेवा. कागद त्याच्यावर छापलेल्या तारखेच्या आधी चिकटवलेला असू शकत नाही. नंतर मात्र कितीही उशिरा लावलेला असू शकतो. म्हणजे फळीवर १९३२ सालचं वर्तमानपत्र असेल, तर ते अस्तर १९३२ नंतरचं. फडताळ त्याहून जुनं असू शकेल.

तारीख छापलेली नसली तरी खुणा असतात. चिठ्ठीवर किंमत आण्यांत असेल तर ती बहुधा १९५७ च्या आसपासची किंवा आधीची, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि ‘नये पैसे’ सुरू झाले. पत्त्यात पिनकोड असेल तर चिठ्ठी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. पत्त्यात ‘मुंबई राज्य’ असेल तर सहसा १ मे १९६० पूर्वीची. आणि मालवण किंवा सावंतवाडीच्या नावापुढे ‘जिल्हा रत्नागिरी’ असेल, तर ती बहुतेक १ मे १९८१ च्या आधीची. त्या दिवशी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. सवयीनं लोक जुना पत्ता काही वर्षं लिहीत राहतात, तेवढी सूट ठेवायची.

चित्रांचंही तसंच. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं चित्रशाळा छापखाना निघाला. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरून एकामागून एक रंग छापलेली ही देवादिकांची चित्रं साध्या घरांना परवडू लागली, आणि भिंतीवर लावून उरलेली, किंवा फाटली म्हणून कापलेली, पेट्यांच्या झाकणांत गेली. चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं. पेटीत बसावं म्हणून कधी नेमकी तीच पट्टी कापलेली असते, पण आधी शोधा तर खरं.

हर्णेपुरती आणखी एक गोष्ट. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या किनाऱ्यावरच्या बोटी इथे थांबत. माणसं आणि सामान पडावातून उतरे. त्या काळात प्रवास केलेल्या पेटीवर सामानाची चिठ्ठी किंवा जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं नाव सापडलं, तर त्या घरातल्या माणसाच्या जाण्यायेण्याचा तो लेखी पुरावा आहे. बाकीचा पुरावा बहुतेक तोंडीच असतो, आणि सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

सुटतो का, फाटतो का

आता शास्त्र. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ओल घेतली की फळी रुंदीला फुगते, लांबीला जवळपास तशीच राहते. फूटभर रुंदीच्या फळीत पावसाळा आणि उन्हाळा यांतला फरक दोन-तीन मिलिमीटरचा होऊ शकतो. कागदही ओलीनं वाढतो, पण त्याची दिशा आणि वेग वेगळा. नवा कागद ही ओढाताण सोसतो. जुना, कडक झालेला सोसत नाही. म्हणून दोन फळ्यांच्या सांध्यावर तो सरळ रेषेत फाटतो आणि मधल्या भागात फुगा धरून सुटतो. म्हणजे तो फाटला यात कागदाचा दोष कमी. खालची फळी दरवर्षी हालते आहे.

दुसरं, कागदाची जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्वस्त कागद लाकडाच्या लगद्यापासून बनू लागला, आणि शाई फुटू नये म्हणून त्यात तुरटी आणि राळ घालत. त्यानं कागदात आम्ल राहतं. असा कागद पिवळा पडतो, मग तपकिरी, मग दुमडला की तुटतो. त्यात लाकूडही बंद पेटीत आपली आम्लाची वाफ सोडत असतं. फणसाच्या लाकडाला पाणी लागलं तर पिवळा रंग सुटून कागदावर उतरतो. खिळ्यांभोवतीचे तपकिरी डाग हे गंजाचे; गंज कागदाला हळूहळू खातो आणि शेवटी तिथे भोक पडतं.

तिसरं आपल्या किनाऱ्याचं: खारं वारं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. इथे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वर असते. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ कागदावर, लाकडाच्या भेगांत, खिळ्यांच्या डोक्यांवर बसलेलं असतं. जूनमध्ये ते ओलं होतं, थंडीत सुकून त्याचे कण होतात, पुन्हा ओलं होतं. खिळे त्यानं लवकर गंजतात आणि कागद इतर घरांपेक्षा जास्त काळ दमट राहतो.

चौथं म्हणजे खाणारे. कसरीला कागदापेक्षा त्यामागची खळ आवडते; ती पृष्ठभाग खरवडून खाते, त्यामुळे चित्रात पातळ झालेले, जाळीदार भाग दिसतात. झुरळं कडा कुरतडतात. वाळवी मागून, लाकडातून येते आणि वरचा कागद शेवटपर्यंत शाबूत ठेवते. बोटानं हलकं दाबल्यावर पोकळी कळते. पेटीखाली पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल, तर लाकडात भुंगेरा आहे. आणि आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली, हवा खेळती नसली, की बुरशी येते.

जुने लोक हे ओळखून होते. खळीत ते मोरचूद घालत. किडा त्यानं दूर राहतो हे खरं, पण तांब्याचा अंश कागदाला वर्षानुवर्षं कमजोर करतो, आणि मोरचूद विषारी आहे. जुन्या चित्रांतल्या काही गर्द हिरव्या रंगांत आर्सेनिकही असू शकतं. म्हणून असा कागद हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला, नंतर हात धुवा, आणि झडलेली भुकटी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

काय करू नये

सुटलेलं टोक चिकटपट्टीनं लावू नका. पट्टी काही वर्षांत गळून पडते, तिचा गोंद मात्र कागदात मुरून तपकिरी डाग होतो. सुताराचा पांढरा गोंद वापरू नका. तो एकदा वाळला की पाण्यानं नीट सुटत नाही, आणि पुढे कधी कागद उचलायचा झाला तर कागद फाटतो, गोंद राहतो. वरून वॉर्निश मारू नका. जवसाचं तेल किंवा फर्निचरचं कुठलंही तेल कागदाजवळ नेऊ नका; तेलाचा डाग कागदातून पूर्ण निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसू नका. बुरशी मारायला उन्हात ठेवू नका: ऊन रंग उडवतं, आणि फळी इतक्या वेगानं सुकते की चिरते. कागदाला लागून डांबरगोळ्या ठेवू नका. बुरशीवर त्यांचा काही उपयोग नाही, आणि बंद खोलीत तो वास माणसालाही चांगला नाही.

यादी लांबली, पण कागदाचं मोठं नुकसान प्रेमानं केलेल्या दुरुस्तीतच होतं.

घरी काय करता येतं

आधी फोटो काढा. एक सरळ समोरून, एक खिडकीचा उजेड आडवा पडेल असा. आडव्या उजेडात फुगे, सुरकुत्या आणि सुटलेल्या कडा दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवा. पेटी कुणाची, कुणाकडून आली, घरातल्या वडीलधाऱ्यांना काय आठवतं, हे लिहून ठेवा. हे केलं की निम्मं जतन झालं, कारण पुढे कागदाचं काहीही झालं तरी माहिती राहते.

मग धूळ. दाढीचा नवा, मऊ ब्रश घ्या. मधून कडेकडे हलक्या हातानं झाडा. पण सुटलेल्या कडेवर ब्रश नेहमी आतल्या बाजूला, लाकडाकडे दाबणारा असावा, उचकटणारा नको. सुकलेली बुरशी असेल तर मास्क लावून घराबाहेर, वारा पाठीकडून येईल असं उभं राहून झाडा. ओली बुरशी झाडू नका, ती पसरते. आधी सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या.

सुटलेलं टोक लावायचंच असेल, तर गव्हाच्या सत्त्वाची खळ. कणीक किंवा मैदा घट्ट मळा, पाण्यात धरून चोळा. चिकट गोळा हातात राहतो, पांढरं सत्त्व पाण्यात उतरतं. ते पाणी गाळून रात्रभर ठेवा, वरचं पाणी ओता, खालचं सत्त्व वाळवा. एक भाग सत्त्व आणि चार-पाच भाग पाणी मंद आचेवर ढवळत अर्धा तास शिजवा, पारदर्शक झालं की गार करा आणि मलमलीतून दोनदा घासून गाळा. मोरचूद घालू नका. ही खळ दोन-तीन दिवस टिकते. तिचा मोठा गुण असा की पुढे कधी पाण्याच्या ओलीनं ती पुन्हा सैल करता येते. आपण आज केलेलं उद्याच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे, हा या कामातला पहिला नियम आहे.

लावण्याआधी परीक्षा. प्रत्येक रंगावर आणि लिखाणावर, कडेला, कापसाच्या काडीनं पाण्याचा अगदी बारीक थेंब टेकवा आणि टिपकागदानं टिपा. टिपकागदावर रंग आला तर थांबा. दगडावर छापलेल्या चित्रांची शाई तेलकट असते, ती सहसा पाण्याला टिकते. हातानं लिहिलेली शाई फुटू शकते. जांभळी कॉपिंग पेन्सिल ओलीनं हमखास फुटते. ती बनवलीच होती ओलीनं रंग सुटावा म्हणून. तिला पाणी दाखवूच नका.

परीक्षा पार पडली तर कुंचल्यानं थोडीच खळ लाकडाला लावा, टोक हलक्या हातानं बसवा, वर पॉलिएस्टरचा पातळ कागद किंवा बटर पेपर, त्यावर टिपकागद, त्यावर एक पुस्तक. दर तासाला टिपकागद बदला. मधला फुगा मात्र दाबून सपाट करायला जाऊ नका. तो फळीच्या हालचालीला वाव देतो आहे. जे सुटलेलं आहे पण पडत नाही, फाटत नाही, ते राहू द्या.

आणि वर्षाचं वेळापत्रक ठेवा. आगोटीच्या तयारीत जसं आपण घर शाकारतो, सरपण आत घेतो, तसं एक दिवस पेटीला द्या: रिकामी करा, झाडा, आतून-मागून पाहा. पेटी जमिनीवरून दोन विटांवर उचला, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पावसात लख्ख दिवस मिळाला तर झाकण तासभर उघडं ठेवा. दसऱ्यानंतर पुन्हा एकदा तपासा. वेखंड किंवा कडुलिंबाचा पाला ठेवणारे लोक असतात. ठेवायचाच तर मलमलीच्या पुरचुंडीत, कागदाला न लागता, आणि पाला पूर्ण वाळलेला.

भिजलं तर

३ जून २०२० चं निसर्ग वादळ इथे कुणाला सांगायला नको. कौलं आणि पत्रे उडाले, माळ्यावर पाणी आलं, त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती आणि मागून पावसाळा होताच. अशा वेळी आधी माणसं, मग छप्पर, मग धान्य. पेटीची पाळी शेवटी येते, आणि ते बरोबरच आहे. पण उबदार, दमट हवेत बुरशी साधारण दोन दिवसांत धरते. म्हणून तेव्हा थोडक्यात काय करायचं, हे आजच माहीत असलेलं बरं.

पेटी छपराखाली घ्या, रिकामी करा, झाकण उघडं ठेवा. कागद चोळू नका, दाबून पाणी काढू नका. टिपकागद किंवा जुनं सुती कापड नुसतं टेकवा आणि उचला. कागद अजून चिकटून असेल तर तसाच, सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या. खळ विरघळून कागद आपोआप सुटत असेल तर त्याला अडवू नका: खाली प्लॅस्टिकचा तुकडा सरकवा आणि त्यावर तो घ्या, हातानं उचलू नका.

सुटलेले कागद बरेच असतील, सुकवायला जागा किंवा वेळ नसेल, तर ते प्लॅस्टिकमध्ये वेगवेगळे गुंडाळून गोठवा. मासळी आपण बर्फात का ठेवतो? कुजणं पुढे ढकलायला. भिजलेल्या कागदाचं अगदी तसंच आहे. उणे १८-२० अंशांच्या शीतपेटीत बुरशी थांबते आणि तुम्हाला काही आठवडे मिळतात. संग्रहालयं आणि ग्रंथालयं पुरानंतर हेच करतात, आणि बंदराच्या गावात गोठवण्याची सोय शोधायला लांब जावं लागत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की कागद बर्फाला थेट लावायचा नाही, आणि ओली पेटी गोठवायची नाही. लाकूड आणि त्याचे जोड उकलू शकतात.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*पेटी पॉलिशला द्यायची आहे. कागदाचं काय?*

पॉलिशवाल्याला आधी कागद दाखवा आणि ‘आतून हात लावायचा नाही’ असं स्पष्ट सांगा. लाखेच्या पॉलिशमधल्या स्पिरिटनं काही शाया आणि वॉर्निश विरघळतात. शक्यतो बाहेरूनच पॉलिश करून घ्या, झाकण बंद ठेवून नाही, तर कागदावर पॉलिएस्टरचा पडदा सैल लावून, म्हणजे आत वाफ कोंडणार नाही. जमलं तर स्वतः तिथे बसा. कागद खरवडायला पाच मिनिटं लागतात.

*चित्र काढून फ्रेम केलं तर चालेल का?*

कागद जागेवर टिकत असेल तर काढू नका. झाकणातलं चित्र आणि फ्रेममधलं चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटी उघडताना ते दिसावं म्हणून कुणीतरी तिथे लावलं होतं. पण खालचं लाकूड वाळवीनं गेलं असेल, तर कागद वाचवायला तो काढावाच लागतो. ते काम घरी करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, लखनौला केंद्र सरकारची सांस्कृतिक संपदेच्या संरक्षणाची प्रयोगशाळा आहे. अशा ठिकाणी आधी फोटो पाठवून विचारा. काढावा लागलाच तर पेटी आणि चित्र दोन्हींवर एकमेकांची नोंद ठेवा.

*वर वर्तमानपत्र आहे, फाटलंय तिथून खाली चित्र दिसतंय. वरचं काढू?*

मोह होतो, आम्हालाही होतो. पण वरचा थरही इतिहासच आहे, कुणीतरी कधीतरी चित्र झाकायचं ठरवलं. फाटलेल्या भागातून जेवढं दिसतं त्याचा फोटो घ्या. थर वेगळे करता येतात, पण ते प्रयोगशाळेत, वाफेच्या किंवा जेलच्या मोजक्या ओलीनं, तासन्‌तास बसून करायचं काम आहे.

*जुनं घर पाडतोय. नव्या फ्लॅटमध्ये पेटीला जागा नाही. कागदासाठी कुठवर सांभाळायचं?*

हा खरा प्रश्न आहे, आणि प्रत्येकानं सगळं सांभाळावं असं आम्ही म्हणणार नाही. द्यायची झाली तर आधी फोटो आणि नोंद करा. नात्यात कुणाला हवी आहे का विचारा. विकायची असेल तर घेणाऱ्याला सांगा की आतला कागद पेटीचाच भाग आहे, आणि नोंदीची एक प्रत पेटीत ठेवून द्या. जुना माल घेणारे पुष्कळदा पेटी ‘साफ’ करून विकतात, म्हणजे कागद खरवडून. मग तीच पेटी कुठलीही असू शकते. तुमच्या हातात ती आहे तोवर ती हर्णेची, अमक्या घरातली, अमक्या साली मुंबईहून आलेली आहे. तेवढं लिहायला एक संध्याकाळ पुरते.

ज्यांनी पेट्यांचे फोटो आणलेत त्यांनी थांबा, आपण ते एकेक करून पाहू. बाकीच्यांना लिलावाला उशीर नको.